जिथे चेंडू उसळत नव्हता

हर्नडन

अमेरिकेहून परतल्यापासून जो तो विचारतो, काय काय पाहिलं? मग मी वॉशिंग्टनमधली स्मारकं सांगते, मुलीच्या घरामागे संध्याकाळी येणारी हरणं सांगते, न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या दुकानात मिळालेली नागपूरपेक्षा ताजी मेथी सांगते. पण व्हर्जिनियाच्या दक्षिणेला एका लहान गावात मी जे पाहिलं, ते चहाच्या कपाबरोबर सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहिते आहे. त्या गावाचं आणि तिथल्या क्लबचं नाव मुद्दाम देत नाही.

२००६ च्या उन्हाळ्यात मी माझ्या मुलीकडे, प्रज्ञाकडे, वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनला गेले होते. ती आणि जावई दोघंही आयटीत. सकाळी आठला घर रिकामं व्हायचं आणि मी एकटी. चार दिवस टीव्ही पाहून कंटाळले आणि पाचव्या दिवशी जवळच्या पार्कातल्या टेनिस कोर्टावर जाऊन बसले. मी नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत तीस वर्षं खेळ शिकवले. त्याआधी, वडील रेल्वेत असल्यामुळे, रेल्वेच्या क्लबात मातीच्या कोर्टावर टेनिस खेळून वाढले. त्यामुळे कुठेही चेंडूचा आवाज आला की पाय तिकडेच वळतात.

तिथेच डॉरथीबाई भेटल्या. वय सत्तरीच्या पुढे, अंगानं काटकुळ्या, डोक्यावर कापडी टोपी. त्यांची जोडीदार आली नव्हती. मला म्हणाल्या, येतं का खेळता? मी हो म्हटलं आणि कॅनव्हासचे बूट व सलवार-कमीज अशा वेषात उतरले. त्या दिवसापासून आमची रोजची सकाळ ठरून गेली. नुसतं डॉरथी म्हण, असं त्यांनी वारंवार सांगितलं, पण माझी जीभ काही वळली नाही.

एकदा बोलता बोलता मी त्यांना आमच्या कोर्टाची गोष्ट सांगितली. खाली मुरूम, त्यावर चाळलेली माती, आणि वरून शेणाचं सारवण. त्या चालता चालता थांबल्या. गाईचं शेण? हातानं? मी म्हटलं, हो, आणि चेंडू असा सरळ उसळतो की बघत राहावं. त्या दोन दिवस येईल त्याला ही गोष्ट सांगत होत्या. मग तिसऱ्या दिवशी त्यांनी त्यांचं काम काढलं. त्यांच्या माहेरच्या गावात गेल्या शतकाच्या सुरुवातीला मातीच्या कोर्टावरची मोठी अजिंक्यपद स्पर्धा भरली होती आणि त्यांच्या आजीनं त्यात बायकांचा चषक जिंकला होता. त्या स्पर्धेची आठवण म्हणून क्लब आता एक सामना भरवत होता. जुन्या काळचे कपडे, लाकडी रॅकेट, आणि कोर्टही तसंच, मूळच्या मातीचं. दुहेरीत त्यांना जोडीदार हवी होती. "लाकडी रॅकेट धरता येणारी आणि मातीवर पाय घसरवता येणारी मला इथे दुसरी कोण मिळणार?" त्या म्हणाल्या.

प्रज्ञाला काळजी वाटली. "आई, पाच तासांचा ड्राइव्ह आहे, आणि तू ओळखतेस किती त्यांना?" मी तिला सांगितलं की चेंडू बाहेर पडला की स्वतःहून बाहेर म्हणणारी बाई आहे, एवढी ओळख मला पुरते.

शुक्रवार

वॉशिंग्टनच्या आसपासची गर्दी सुटल्यावर रस्ता मोकळा झाला आणि दुपारनंतर दोन्ही बाजूंची जमीन लाल दिसू लागली. रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्या अगदी कोकणासारख्या. मी काळ्या मातीच्या मुलखातली, मला लाल मातीचं नवल. अमेरिका म्हणजे हिरवळ आणि काँक्रीट, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

क्लब म्हणजे पांढऱ्या खांबांचं, रुंद व्हरांड्याचं घर. समोर कोर्टांची रांग होती आणि सगळी कोर्टं हिरवी. मला वाटलं गवत असेल. खाली वाकून हात लावला तर भुकटी. डॉरथीबाईंनी सांगितलं की आता अमेरिकेत मातीचं कोर्ट म्हणजे हेच, दगड दळून केलेलं. हिरव्या रंगाच्या मातीवर माझा विश्वास बसेना. फक्त एक कोर्ट, अगदी कडेचं, रस्त्यालगतच्या कुंपणाजवळचं, लालभडक होतं. ती स्पर्धा त्यावर झाली होती. वर्षानुवर्षं त्यावर थर चढले होते, ते सगळे या वर्षी खरवडून मूळची माती उघडी केली होती. कुंपणापलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे लाकडाचं एक छोटं पांढरं चर्च.

संध्याकाळी व्हरांड्यात जेवण झालं. डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस, मक्याची पांढरी लापशी, आणि चहा, पण बर्फ घातलेला आणि बासुंदीइतका गोड. सगळे फार अगत्यानं वागले. भारतातून आलेली टेनिसपटू म्हणून क्लबच्या अध्यक्षांनी माझी चारचौघांत ओळख करून दिली. भिंतीवर डॉरथीबाईंच्या आजीचा फोटो होता, घोट्यापर्यंत झगा, मोठी हॅट, हातात चषक आणि ओठांवर हसू. मी नजर फिरवली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. टेबलांशी बसलेली सगळी माणसं गोरी होती आणि वाढणारी सगळी काळी. मी डॉरथीबाईंना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, आता तसा काही नियम नाही, कोणीही सभासद होऊ शकतं, एक गुजराती डॉक्टरही आहेत. मग म्हणाल्या, पण येत नाहीत हे खरं.

त्या रात्री गडगडाट होऊन जोराचा पाऊस पडला.

शनिवार

सामना दुपारी होता. सकाळी सरावासाठी आम्ही दोघी लाल कोर्टावर गेलो. डॉरथीबाईंनी आजीसारखाच झगा शिवून घेतला होता. मी पांढरी साडी नेसले होते, निळ्या काठाची. आम्हा बौद्धांत पांढरी साडी लग्नाकार्यात नेसतात. तिथल्या बायकांनी तिचं फार कौतुक केलं. मी ती कासोटा घालून वर खोचली, म्हणजे पळता यावं.

कोर्टावर पावसाचं पाणी साचलेलं होतं आणि एक माळी स्पंजानं ते टिपत होता. पाणी सगळीकडे सारखं नव्हतं. लांबट चौकोन असे दोनतीन जागी दिसत होते, एकाशेजारी एक. मला वाटलं रोलर नीट फिरला नसेल. माळी गेला आणि आम्ही खेळायला लागलो.

रॅकेट जड, तारा सैल, पण हाताला जुनी सवय आठवली. एवढंच की कुंपणाकडच्या कोपऱ्यात चेंडू पडला की तो उसळतच नसे. थप्प आवाज करून तिथेच बसे. मी दोनदा फसले. तिसऱ्यांदा फसले तेव्हा डॉरथीबाई नेटजवळ येऊन हसत सुटल्या. म्हणाल्या, हाच तो मेलेला कोपरा. आजीचा कोपरा. ती बिचारी काही फार जोरात मारणारी नव्हती, पण तिला ही जागा पक्की ठाऊक होती. अंतिम सामन्यात तिनं उत्तरेकडून आलेल्या मोठ्या नावाच्या बाईला याच जागी चेंडू टाकून टाकून हैराण केलं. आमच्या घरात दर सणाच्या जेवणाला ही गोष्ट निघते, मुलंसुद्धा अॅक्टिंग करून दाखवतात.

मलाही हसू आलं. त्या मागे गेल्या आणि त्यांनी चेंडू मारला. नेमका त्याच कोपऱ्यात. चेंडू घ्यायला मी एक पाऊल मागे टाकलं आणि माझा उजवा पाय जमिनीत गेला.

घसरला नाही, आत गेला. गुडघ्यापर्यंत. खाली टेकायला काही नव्हतं, नुसती पोकळी आणि गारवा. मी हातावर पडले. डॉरथीबाई आणि तो माळी धावत आले, दोघांनी काखेत हात घालून मला ओढून काढलं. पोटरी खरचटली होती, मोडलं काही नव्हतं, पण बूट आतच राहिला. माळ्यानं पालथं पडून भोकात हात घातला. बूट निघाला. त्याच्याबरोबर कुजलेल्या लाकडाचा तुकडा निघाला आणि गंजलेली एक लहानशी कडी. त्यानं पुन्हा हात घातला आणि मुठीत जे आलं ते बघून तो तसाच बसून राहिला.

तोपर्यंत व्हरांड्यातून बरीच माणसं आली होती. कोणी म्हणालं कुत्रं पुरलं असेल. त्यांच्यात एक निवृत्त डॉक्टर होते, मुलांचे. सामन्यासाठी त्यांनी जुन्या पद्धतीची लांब पांढरी पँट घातली होती. ते त्या पँटनिशी चिखलात गुडघे टेकून बसले आणि माळ्याच्या तळहातावरच्या वस्तूकडे बराच वेळ पाहत राहिले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "कोणी काही हलवू नका. शेरीफला बोलवा. हे लहान मूल आहे. दात दुधाचे आहेत."

मी माझ्या पायाकडे पाहिलं. बोटांना लाल माती लागली होती. ती पुसावी की पुसू नये, ते मला कळेना. मी खाली बसले. मला पाणी द्या असं म्हणायचं होतं, ते मी मराठीत म्हणाले, आणि कोणाला कळलं नाही.

शेरीफची माणसं, म्हणजे तिथले पोलीस आले, त्यांनी कोर्टाभोवती पिवळी पट्टी बांधली. त्यातल्या एकानं पाणी टिपल्यावरही ओले राहिलेले ते चौकोन पाहिले आणि दुसऱ्याला खूण करून दाखवले. आता सगळ्यांनाच दिसत होते. सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला, उगवतीकडे. पुरलेल्या शवपेट्या कुजल्या की वरची माती खचते, हे त्यानं नंतर मला सांगितलं. शंभर वर्षं थरांखाली ते झाकून राहिलं होतं.

अध्यक्षांचा चेहरा पांढरा पडला होता. तरी थोड्या वेळानं त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की घडलं ते फार वाईट झालं, पण पाहुणे लांबून आलेले आहेत, जेवण सांगितलेलं आहे, तर सामना पलीकडच्या हिरव्या कोर्टावर घेऊ. काही जणांनी माना डोलावल्या. डॉरथीबाई बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होत्या, पुन्हा बांधत होत्या.

तेवढ्यात रस्ता ओलांडून एक म्हातारी काळी बाई आली. बंद छत्री काठीसारखी टेकत, सावकाश. वय ऐंशीच्या पुढचं. समोरच्या चर्चच्या बाई. तिथे सगळे त्यांना मिस रूथ म्हणत, आपल्याकडे एखाद्या बाईला सारा गाव अक्का म्हणतो तसं. त्या पट्टीपाशी थांबल्या आणि शेरीफच्या माणसाला विचारलं, कुठल्या बाजूला सापडलं? त्यानं कोपरा दाखवला. त्यांनी आधीच ठाऊक असल्यासारखी मान हलवली. बस, एवढंच.

आम्ही सगळे हादरलो होतो. त्या हादरल्या नव्हत्या. त्या दिवशी मला सर्वांत जास्त धक्का बसला तो त्यांच्या त्या मान हलवण्याचा.

अध्यक्ष पुढे झाले, त्यांनी हॅट काढली आणि म्हणाले, "मॅडम, आमच्यापैकी कोणालाही याची कल्पना नव्हती."

"आम्ही सांगितलं होतं," मिस रूथ म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माझ्या आजीनं सांगितलं, आईनं सांगितलं. मी स्वतः दोनदा येऊन सांगून गेले. ही आमची माणसं आहेत. कोर्ट व्हायच्या आधीपासून इथे आहेत. तुम्ही म्हणालात, म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टी."

डॉरथीबाई उठून त्यांच्यासमोर आल्या. झग्याला चिखल लागलेला, एका बुटाची नाडी सुटलेली. त्यांनी आपलं नाव सांगितलं, आजीचं नाव सांगितलं आणि विचारलं, "तिला माहीत होतं का?"

मिस रूथनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "माझी आजी तुमच्या आजीकडे कपडे धुवायला होती. ही जमीन सपाट करायला लागले तेव्हा तिनं तुमच्या आजीला सांगितलं होतं, तिथे आमची पुरलेली आहेत म्हणून. तुमची आजी काय म्हणाली, ते ती आम्हाला कधी बोलली नाही. सांगितलं होतं, एवढंच म्हणायची."

मी डॉरथीबाईंच्या मागेच उभी होते. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं, कारण माझ्याही मनात तेच होतं. चेंडू थप्प करून बसतो, घरातली मुलं नक्कल करतात, सगळं टेबल हसतं.

मग त्या वळल्या आणि अध्यक्षांना म्हणाल्या की मी खेळणार नाही. ते समजावू लागले. लोक अटलांटाहून आलेत, डॉरथी. "मग त्यांना जेवायला घाला आणि परत पाठवा," त्या म्हणाल्या. त्यांनी आजीची म्हणून आणलेली लाकडी रॅकेट बाकावर ठेवली आणि त्या आत निघून गेल्या. डॉक्टरांनीही आपली रॅकेट शेजारी ठेवली. सामना झाला नाही.

संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला. ऐकून ती म्हणाली, "आई, तू तिथे थांबू नकोस प्लीज, मी उद्या येऊन पिकअप करते." मी म्हटलं, नको. डॉरथीबाईंना एकटं सोडून मी कशी येऊ?

पुढचं आधीच सांगून टाकते. युनिव्हर्सिटीची माणसं आली, त्यांनी जमीन तपासली आणि कबरी फक्त त्या कोर्टाखाली नव्हत्या, शेजारच्या हिरव्या कोर्टाखालीही निघाल्या. क्लबात बरेच वाद झाले. काही जणांनी डॉरथीबाईंशी बोलणं टाकलं, त्यात त्यांचा सख्खा भाऊ आहे. शेवटी ती दोन्ही कोर्टं चर्चला देऊन टाकावीत असं ठरलं. मी परत यायच्या आधी तिथली जाळी निघाली होती. भिंतीवरचा आजीचा फोटो डॉरथीबाईंनी मागून घेतला. त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही.

रविवार

सकाळी मिस रूथकडून निरोप आला की काल जिचा पाय जमिनीत गेला ती बाई कशी आहे, आणि तिला चर्चमध्ये यायचं असेल तर यावं. मी डॉरथीबाईंना विचारलं, तुम्ही येता? त्या म्हणाल्या, मला बोलावलेलं नाही. मग गाडीच्या किल्ल्या घेऊन पुन्हा ठेवल्या आणि म्हणाल्या, या गावात मी जन्मले, लग्न होऊन जाईपर्यंत इथे राहिले, पण तो रस्ता मी कधी ओलांडला नाही. शेवटी आल्या. दारात मिस रूथनी आम्हा दोघींना आत घेतलं, माझा पाय वर करायला लावून खरचटलेलं पाहिलं, आणि मागच्या बाकावर जागा दिली.

गाणी झाली. एवढ्याशा लाकडी खोलीत एवढा आवाज मावतो कसा, असं वाटावं अशी. आमच्या विहारात आम्ही हळू आवाजात वंदना म्हणतो, आवाज चढतो तो भाषणाच्या वेळी. इथे बायका मध्येच उठून उभ्या राहत होत्या, रडत होत्या, टाळ्या वाजवत होत्या. मग मिस रूथ पुढे गेल्या आणि खोली गप्प झाली. आजीनं त्यांच्याकडून लहानपणी पाठ करून घेतलेली नावं त्या म्हणू लागल्या. कागद नव्हता. गुलामगिरीतली ती माणसं, बहुतेकांना आडनाव नव्हतंच. जेकब, जेकबची बायको, मोठी सारा, धाकटी सारा, पाण्यात बुडाला तो सॅम. कुठल्या झाडापासून कुठल्या बाजूला, तेही त्या सांगत होत्या. ती झाडं आता नाहीत. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि कडेला हॅटीचं मूल. नाव ठेवायचं राहून गेलं."

दुधाचे दात आलेलं मूल, आणि त्याला नाव नाही. बहुधा त्याच्या आईला कोणी विकून टाकलं असावं, किंवा ती सोडून गेली असावी. मी विचारलं नाही. मी डोळे मिटून मनातल्या मनात त्रिसरण म्हटलं. डॉरथीबाई पुढच्या बाकावर कपाळ टेकून बसल्या होत्या.

नंतर चर्चच्या मागे झाडाखाली जेवण होतं. तळलेली कोंबडी, मक्याची भाकर आपल्यापेक्षा जाड आणि किंचित गोड, शिजवलेली हिरवी पालेभाजी. पालेभाजीत लसूण घातला असता तर ती माझ्या आईची झाली असती. डॉरथीबाईंना घास उतरत नव्हता. मिस रूथनी त्यांच्यापुढे ताट सरकवलं आणि एवढंच म्हणाल्या की आधी खा.

मला त्या भारतातलं विचारू लागल्या. मुलं किती, शाळेत काय शिकवायची. मग सरळ विचारलं, तुमच्याकडे माणूस गेला की काय करता? मी सांगितलं, जाळतो, लहान मूल असलं तर पुरतो.

"सगळ्यांना एकाच जागी?"

हा प्रश्न अमेरिकेत कोणी मला विचारेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. हर्नडनच्या मराठी मंडळींतही कधी कोणी विचारला नव्हता. मी मग सांगितलं की माझ्या आजोबांच्या गावात आमचं स्मशान वेगळं होतं, नाल्याच्या पलीकडे. गावाच्या स्मशानात आमचं माणूस नेऊ देत नसत. आजोबांना तिथेच नेलं. पावसाळ्यात नाल्याला पाणी होतं, तर वडील आणि काका त्यांना खांद्यावर घेऊन छातीइतक्या पाण्यातून गेले होते.

डॉरथीबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस रोज सकाळी आम्ही एकत्र खेळत होतो. त्यांना शेणाचं सारवण माहीत होतं, हे माहीत नव्हतं.

"आणि आता?" मिस रूथनी विचारलं.

मी म्हटलं, शहरात नाही. गावांत, बऱ्याच ठिकाणी, अजून तसंच आहे.

त्यांनी पुन्हा तशीच मान हलवली, कालच्यासारखी. मग शेजारच्या खुर्चीवरची आपली छत्री आणि पर्स उचलून मांडीवर घेतली, खुर्चीवर थोपटलं आणि मला म्हणाल्या, "उठ तिथून. इकडे माझ्याजवळ येऊन बस."